रिलेची टरटर आणि सरांचे कान

माझ्या अॅम्प्लिफायरच्या पॉवर सप्लायमधला रिले टरटरायला लागला तेव्हा मी आधी रिलेलाच शिव्या घातल्या. तीस वर्षं आयटीआयमध्ये वायरमनचा ट्रेड शिकवल्यावर स्वतःच्या जोडणीत चूक असू शकते हे माणसाला पटत नाही. मला तर मुळीच पटत नाही. हे माझी बायको कुणालाही सांगेल, न विचारता.

मी हॅम आहे. म्हणजे सरकारी परवाना घेऊन, निव्वळ हौसेखातर, बिनतारी यंत्रावरून लांबच्या माणसांशी बोलणारा. आमच्या मुरुममध्ये ही जात विरळाच. गच्चीवरच्या तारा बघून गल्लीतले लोक अजून मला विचारतात, यावर कोणकोणते चॅनल दिसतात. सुरुवातीला मी समजावून सांगायचो, आता फक्त ‘बातम्या’ म्हणतो.

हे खूळ माझ्या डोक्यात घातलं सरांनी. भूकंपाच्या साली मी नुकताच नोकरीला लागलो होतो. उमरग्यात एका तंबूत पोलिसांच्या बिनतारी विभागातले एक गृहस्थ मोर्सची की, म्हणजे तारेच्या कट्ट-कडकट्टची कळ, ठोकत बसलेले मी पाहिले. टेलिफोन बंद होते. कोणत्या गावाला किती ताडपत्र्या, कुठं औषधं, कुठं पाणी, हे सगळं त्या एका माणसाच्या बोटांतून बाहेर जात होतं. मी दारात किती वेळ उभा होतो कोण जाणे, त्यांनी मान वर न करता मला पाणी आणायला पाठवलं. पुढं मी त्यांचा पिच्छा सोडला नाही. दोन वर्षं दर रविवारी त्यांच्या घरी जाऊन मोर्स शिकलो, परीक्षा दिली, परवाना काढला. तेव्हापासून ते माझे सर.

सर निवृत्त झाले, त्यांच्या पत्नी गेल्या, आणि मुलगी त्यांना आपल्याकडे देहरादूनला घेऊन गेली. सेटही बरोबर गेला. रोज सकाळी आठ वाजता वीस मीटरच्या बँडवर, म्हणजे वीस मीटर लांबीच्या लहरींवर, आमची गाठ पडायची. मोर्समध्येच, इंग्रजी अक्षरांत मराठी. बोलणं काय तर आज वार कोणता, ऊन किती, भाजी कोणती. अकरा वर्षं हे चाललं.

मग सरांचे कान गेले. अगदी गेले असं नाही, पण माणसांचं बोलणं त्यांना कळेना. मशीन लावलं तर नुसता गलका. फोनवर तर काहीच नाही. मुलगी पाटीवर लिहून त्यांच्याशी बोलायला लागली. मोर्स मात्र त्यांना कळायचं, कारण मोर्सला एकच सूर असतो आणि तो आपल्या कानाला मानवेल तिथं लावून घेता येतो. नातवंडांचं हसणं ज्या माणसाला ऐकू येत नव्हतं, त्याला चौदाशे किलोमीटरवरून माझं ‘जेवलात का’ ऐकू येत होतं. मला याचा अभिमान होता, खोटं कशाला बोलू.

दिवाळीनंतर तेही थांबलं. त्यांच्या इमारतीवर सोलरचा इन्व्हर्टर बसला, जिन्यात नवे दिवे लागले, आणि सरांच्या सेटवर सकाळपासून खरखर सुरू झाली. बाल्कनीतल्या त्यांच्या तुटपुंज्या तारेवर माझा सिग्नल त्या खरखरीत बुडून जायचा. मला त्यांची हाक ऐकू यायची, मी उत्तर द्यायचो, आणि ते पुन्हा हाकच मारत राहायचे. पाच-सहा वेळा हाक मारून बंद. पुढं पुढं हाकही येईना.

सरांच्या मुलीचा फोन आला तो मार्चच्या सुरुवातीला. तिनं सांगितलं की बाबा अजून रोज आठला हेडफोन लावून बसतात, पण आता म्हणतात, कान संपले. कानात आतूनच सारखी शिट्टी वाजते, त्या शिट्टीची मधूनच अक्षरं होतात, ती ते कागदावर लिहून घेतात आणि मग स्वतःच खोडतात. पाडव्यापर्यंत बघायचं आणि नंतर सेट खोक्यात घालून कुठल्या तरी कॉलेजला देऊन टाकायचा, असं त्यांनी ठरवलं होतं.

मी म्हटलं, त्यांना सांग, कान ठीक आहेत, माझा सिग्नल कमी पडतोय. तिनं पाटीवर लिहिलं. सरांनी वाचलं आणि हातानं पुसून टाकलं. मला बरं वाटावं म्हणून तो असं म्हणतोय, एवढंच बोलले.

त्या दिवशी मी हट्टाला पेटलो. सांगून पटत नाही ना, मग ऐकवतो. परवान्यात बसेल एवढी सिग्नलची ताकद वाढवणारा अॅम्प्लिफायर मी दिवाळीपासून हळूहळू जोडत होतोच, तो आता हातातली सगळी कामं टाकून पुरा करायला घेतला. ट्रान्सफॉर्मर उमरग्यातल्या एका रिवाइंडिंगवाल्या चाचांकडून भरून आणला. ते एरवी पाण्याच्या मोटारी भरतात. किती वेढे, कोणती तार, सगळं कागदावर लिहून दिलं, तरी त्यांनी दोनदा विचारलं की ही मोटार फिरणार कुठं. मुलीला मी एकच ताकीद दिली होती. अॅम्प्लिफायर कधी सुरू होणार हे सरांना अजिबात सांगायचं नाही. सांगितलं असतं तर त्यांनी मायेपोटीच ऐकलं असतं, आणि मायेनं ऐकलेलं त्यांना स्वतःलाच पटलं नसतं.

पाडव्याला तीन आठवडे असताना अॅम्प्लिफायरचा डबा तयार झाला. डमी लोडवर, म्हणजे अँटेनाऐवजी नुसती ताकद जिरवणारा एक मोठा रोधक लावून, पाहिलं. झकास. मग अँटेना जोडली, की दाबली, आणि पॉवर सप्लायमधून आवाज आला, टर्रर्रर्र.

रिले म्हणजे विजेवर चालणारं बटण. माझ्या पॉवर सप्लायमध्ये त्याचं काम साधं होतं. डबा सुरू करताना वीज एकदम आत घुसू नये म्हणून ती आधी एका रोधकातून हळू सोडायची, आणि दोन सेकंदांनी रिलेनं चिकटून त्या रोधकाला बाजूला करायचं. एकदा चिकटला की डबा बंद करेपर्यंत त्यानं हलायचं नाही. हा मात्र मी की दाबली की सुटायचा, चिकटायचा, पुन्हा सुटायचा. रिले सुटला की सगळा भार त्या बिचाऱ्या रोधकावर. तिसऱ्या मिनिटाला खोलीत करपल्याचा वास पसरला आणि बायकोनं खालून विचारलं की दूध तुम्ही तिकडं तापवायला घेतलंय का.

रोधक बदलला. रिले खराब म्हणून सोलापूरहून दुसरा आणला, तो टरटरला. दुकानदार फसवतो म्हणून दुसऱ्या दुकानातून तिसरा आणला, तोही टरटरला. तीन रिले एकाच रोगानं आजारी पडत नाहीत, हे कळायला मला आठ दिवस लागले. डमी लोडवर तिघंही गुमान चिकटून बसायचे. म्हणजे रिले निर्दोष होता. अँटेनातून बाहेर जायला हवी ती रेडिओची ऊर्जा मागं फिरून डब्यात शिरत होती आणि रिलेला चालवणाऱ्या नाजूक ट्रान्झिस्टरला चकवत होती.

इथपर्यंत बरोबर आलो आणि मग मी माझ्या धंद्याला शोभेल अशी चूक केली. आमच्याकडं विजेचं काहीही बिघडलं, बल्ब मिणमिणू दे की फ्रिजला हात लावल्यावर झटका बसू दे, माणूस पहिलं वाक्य बोलतो ते ‘अर्थिंग बघा’. आणि अर्थिंग बघायचं म्हणजे खड्ड्यात पाणी ओतायचं. हे मीच तीस वर्षं पोरांना शिकवलं. काळी जमीन उन्हाळ्यात भेगाळते, तांब्याच्या पट्टीची मातीवरची पकड सुटते, म्हणून कोळसा, मीठ आणि पाणी. मुरुमपासून बेंबळीपर्यंत कितीतरी घरांची अर्थिंग माझ्या विद्यार्थ्यांनी केलेली आहे. माझ्या घराची तर मी स्वतः. वरच्या खोलीतून जाड तांब्याची तार सरळ, एकही वळण न देता, अंगणातल्या खड्ड्यात उतरवलेली. बघणाऱ्यानं फोटो काढावा अशी.

तेव्हा मी खड्ड्यात पाणी ओतायला लागलो. सकाळी दोन बादल्या, संध्याकाळी दोन. मिठाची पोती टाकली. टरटर कमी होईना. मग तीन-तीन बादल्या. आता सेटच्या धातूच्या कीला बोट लावलं की बारीक टोचायला लागलं, सुई टेकवल्यासारखं. पूर्वी ते टोचत नव्हतं. मला वाटलं, पाणी कमी पडतंय.

नळाला तेव्हा आठ दिवसांनी पाणी यायचं. बायकोनं चार दिवस पाहिलं, पाचव्या दिवशी ती बादली धरूनच उभी राहिली. माणसाला प्यायला न्हाय अन् तुमी मातीला पाजायलाव, म्हणाली. मी तिला अर्थिंगवर एक छोटं व्याख्यान दिलं. तिनं ते ऐकून घेतलं, माझ्याबरोबर वर आली, मी की दाबली तेव्हा टरटर ऐकली, मी बोट झटकलं तेही पाहिलं. खिडकीतून खाली गेलेल्या तारेवर तिची नजर गेली.

“पाणी तुमी खाली ओतायलाव,” ती म्हणाली, “अन् टोचायलंय वर. मग ही मधली तार काय करायली?”

मला राग आला. पहिल्या वर्षाच्या पोरानं विचारावा असा प्रश्न. तार काय करते म्हणजे, तार जोडते. मी तसं म्हणालो आणि म्हणता म्हणता थांबलो. घरच्या विजेसाठी तार जोडते, हे खरं. पण वीस मीटरच्या लहरीसाठी तार नुसतीच तार नसते, तिची लांबी मोजावी लागते. हे मी परीक्षेत लिहून पास झालो होतो. टेप काढला आणि खिडकीतून सोडला. पाच मीटर आणि वर एक वीत. वीस मीटरचा जवळजवळ चौथा हिस्सा.

एवढ्या लांबीची तार उलटा कारभार करते. खालचं टोक जमिनीला जितकं पक्कं चिकटेल, तितकं वरचं टोक त्या लहरीसाठी जमिनीपासून तुटतं, आणि सगळी ऊर्जा वर डब्यावर, कीवर, रिलेच्या तारांवर साठून राहते. म्हणजे मी ओतलेली प्रत्येक बादली टरटर वाढवत होती. मी खुर्चीवर बसलो आणि मला स्वतःची इतकी लाज वाटली की बायकोला खाली जा म्हणालो. ती गेली नाही. पुढं काय करायचं, एवढंच तिनं विचारलं.

पुढं तार कापायची होती. घराची अर्थिंग प्लगच्या तिसऱ्या पिनेतून डब्याला मिळत होतीच, ती तशीच ठेवायची होती. काढायची होती ती माझी ही जादा, देखणी तार. अर्थिंगच्या तारेला पक्कड लावायची नाही, हे वाक्य मी वर्कशॉपच्या भिंतीवर रंगवून घेतलं होतं. जिवावर आलं, पण कापली. टरटर निम्म्यावर आली. कीचं टोचणं थांबलं.

उरलेली निम्मी माझ्या टापटिपीत होती. सगळ्या तारा एकत्र घेऊन, दर दोन बोटांवर दोऱ्याची गाठ मारून, छडीसारखी सरळ जुडी करायची, ही आमच्या ट्रेडची शान. परीक्षेत याला वेगळे गुण असतात. मी रिलेच्या नाजूक तारा अँटेनाच्या केबलबरोबर एकाच जुडीत आवळल्या होत्या, शेजारी निजवल्यासारख्या. दोन दिवस बसून सगळ्या गाठी सोडल्या. रिलेच्या तारा वेगळ्या, आखूड केल्या. भंगारातल्या कॉम्प्युटरच्या केबलींवरच्या, रेडिओची ऊर्जा अडवणाऱ्या फेराइटच्या काळ्या कड्या काढून त्यांतून त्या तीन-तीन वेढे ओवल्या, रिलेपाशी आणि ट्रान्झिस्टरपाशी छोटे कपॅसिटर लावून आत शिरलेल्या रेडिओला बाहेरची वाट करून दिली. अँटेनाच्या केबलचं गच्चीवर वेटोळं करून बांधलं. डब्याच्या आत आता असा पसारा झाला की माझ्या विद्यार्थ्यांनी पाहिला असता तर मी त्यांना नापास केलं असतं. की दाबली. रिले गप्प.

पाडव्याला सहा दिवस राहिले होते.

बुधवारी सकाळी आठला मी सरांना हाक मारली, मग वार, ऊन, भाजी, दोनदा सगळं पाठवलं, आणि ऐकत बसलो. उत्तर नाही. गुरुवारी पुन्हा. माझा अजून भरवसा बसला नव्हता, म्हणून मोबाइल डब्यावर ठेवून आवाज रेकॉर्ड करत होतो, रिले कुठं कणभर जरी कुरकुरला तरी नंतर ऐकता यावा म्हणून. डोळेही त्याच्यावरच. उत्तर नाही. मुलीला मेसेज केला, तिनं कळवलं की बाबा हेडफोन लावून बसले होते, काही बोलले नाहीत. शुक्रवारीही तेच. त्या दिवशी मी सेट बंद केला. मला पहिल्यांदा वाटलं की सरच खरं म्हणत होते, आणि मी एका म्हाताऱ्या माणसाशी हुज्जत घालत होतो.

दुपारी मुलीचा फोन आला. आधी तिनं एक फोटो पाठवला होता, सरांच्या अक्षरातला कागद. तीन तारखा, तीन दिवस. माझी हाक, वार, ऊन, वांग्याची भाजी, शेपूची भाजी, सगळं. बुधवारसमोर ‘आज बुधवार’. गुरुवारसमोरही ‘आज बुधवार’, खाली दोन रेघा. शुक्रवारसमोर शुक्रवार.

“काका, त्यांनी तुम्हाला विचारायला सांगितलंय,” ती म्हणाली. “गुरुवारी तुम्ही खरंच बुधवार पाठवलं का? दुसरं काही सांगू नकोस म्हणाले, एवढंच विचार.”

मला आठवेना. माझ्या नोंदवहीत गुरुवार होतं, पण ती मी मागाहून कॅलेंडर बघून लिहिली होती. मी बरोबर पाठवलं असेल तर सरांच्या कानात दुसऱ्या दिवशी पहिल्या दिवसाचंच वाजलं होतं, म्हणजे सरांच्या लेखी ती आतली शिट्टीच. हो म्हणायला काय लागत होतं? एक शब्द. सेट खोक्यात जाणार नाही, सर उद्या पुन्हा खुर्चीवर बसतील. पण याच माणसानं मला रविवारी रविवारी पट्टी हातात घेऊन शिकवलं होतं की कीवरून गेलं ते सांगायचं, जायला हवं होतं ते नाही. मी मुलीला म्हटलं, दहा मिनिटं थांब.

मोबाइलवर गुरुवारचं रेकॉर्डिंग लावलं. रिलेसाठी ठेवलेलं, पण मागं सेटमधून माझ्याच कीचा सूर स्पष्ट येत होता. हाक. पुन्हा हाक. मग ‘आज’. मी आवाज वाढवला. अक्षर अक्षर येत गेलं, आणि मी ठोकलं होतं बुधवार. डोळे रिलेवर, हात आदल्या दिवसाच्या सवयीवर. निवृत्त माणसाला सगळे वार सारखेच.

मी फोन लावला, मुलीला म्हटलं, हो, बुधवारच पाठवलं, माझी चूक झाली. मग मला रडू आलं आणि मी फोन ठेवला.

अर्ध्या तासानं तिचा फोन पुन्हा आला. आता तीच रडत होती. तिनं पाटीवर लिहून दाखवल्यावर सरांनी कागदावरच्या त्या दोन रेघांवर बोट ठेवलं आणि म्हणाले, “माझ्या कानात आपोआप वाजलं असतं तर वार बरोबर वाजला असता. समोर कॅलेंडर होतं. ही चूक माझी नाही, त्याची आहे. म्हणजे तोच होता.” तीन दिवस त्यांनी उत्तर दिलं नव्हतं ते यासाठी. आधी कान खरे का खोटे, ते त्यांना बघायचं होतं.

शनिवारी मी पावणेआठलाच सेट सुरू केला. आठला मी हाक मारायच्या आत तिकडून हाक आली. अक्षरांमधलं अंतर अगदी पूर्वीसारखं, मोजून मापून. त्यांनी विचारलं, आज वार कोणता. मी भिंतीकडं बघितलं, मगच कीला बोट लावलं आणि पाठवलं, शनिवार. रिले हललासुद्धा नाही.

तिकडून आलं, बरोबर. बोल आता.

पाच महिन्यांचं बोलायचं साठलं होतं. आणि मी विचारलं, जेवलात का. सकाळचे आठ वाजून चार मिनिटं झाली होती.